नागपुरी काठ

वस्त्र घेणारे सामान्य गिऱ्हाईक कापडाच्या अंगावरून हात फिरवून पोत अजमावते. जुन्या पेढीवरचा जाणता मनुष्य मात्र धोतराचे पान उलटे करून प्रथम त्याचा काठ पाहतो. कापडाच्या मधल्या भागात धागा केवळ पुढे जात असतो, काठाशी त्याला वळावे लागते, आणि विणणाऱ्याच्या हाताची शिस्त, त्याचा उतावीळपणा, दिवस मावळतीचा त्याचा शीण, हे सारे त्या वळणावरच उघडे पडते. नागपूर शहराच्या हातमागाचा गेल्या दोनशे वर्षांचा वृत्तांत जो कोणी लक्षपूर्वक वाचील त्याला, मला वाटते, हेच दिसून येईल, की तो वृत्तांत वस्तुतः या वळणाचा आहे. यंत्राने कोष्ट्याच्या हातून कापडाचे अंग हिरावून घेतले. काठ त्याला घेता आला नाही, आणि काठ राहिला म्हणूनच माग राहिला.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी मागाजवळ थोडे थांबले पाहिजे. खड्डामागावर बसलेला विणकर पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो, त्याबरोबर ताण्याचे उभे धागे दोन थरांत फाकतात, आणि त्या फटीतून बाण्याचा आडवा धागा पोटात घेतलेला धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा असतो. धोटा पलीकडे पोहोचला, फणीचा ठोका बसला, आता परतीचा प्रवास. या परतीच्या क्षणी धागा किंचित अधिक ओढला गेला, तर काठाचे ताणे आत खेचले जातात, कापडाची रुंदी बोटबोटभर कमी होत जाते आणि शेवटी काठाचे धागे फणीवर घासून तुटू लागतात. उलट तो ढिला राहिला, तर काठाबाहेर धाग्याचे कान लोंबतात. म्हणूनच कडेचे ताणे दुहेरी भरण्याची चाल पडली, विणलेल्या भागाची रुंदी टिकावी म्हणून दोन्ही टोकांना सुया बसवलेली काठी कापडावर आडवी ताणून ठेवण्यात येऊ लागली. परंतु ही सर्व साधने दुय्यम होत. मुख्य साधन म्हणजे धोटा झेलताना धाग्यावर हलकेच टेकणारा अंगठा, आणि तो बापाच्या शेजारी बसूनच तयार होत असे.

हाच प्रश्न सुईने विणणाऱ्या स्त्रियांपुढेही निराळ्या रूपाने उभा राहतो. क्रोशाची कला आज आहे त्या स्वरूपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात रूढ झाली. १८४० नंतरच्या दशकातील भीषण दुष्काळात आयर्लंडमधील हजारो कुटुंबांना तिने अन्न मिळवून दिले, आणि मिशनऱ्यांच्या शाळांमधून ती हिंदुस्थानात आली. आंध्रातील नरसापूरची लेस हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पुढे महाराष्ट्रात तर रुखवतातले रुमाल, दारावरची तोरणे आणि पाटावर अंथरायची आसने यांच्या मार्गाने ती घराघरांत पोहोचली. क्रोशात ताणा नाही आणि बाणाही नाही. एकच धागा आपल्याच वेढ्यांतून पुढे सरकतो. पण ओळ संपली की त्यालाही वळावे लागते, आणि नुसते वळून भागत नाही. पुढची ओळ जितकी उंच व्हायची तितके त्याला आधी चढावे लागते. मुक्या खांबांची ओळ असेल तर एक साखळी, अर्ध्या खांबांची असेल तर दोन, पुऱ्या खांबांची असेल तर तीन, असा हिशेब विणणाऱ्या बायका एकमेकींना सांगत आल्या आहेत. साखळ्या कमी पडल्या तर कड आत ओढली जाऊन चौकोनी रुमालाची बाजू वाकते. जास्त झाल्या तर कडेला फुगे येतात. आणि वळणाच्या साखळीला पहिला खांब म्हणून मोजायचे की नाही याचा विसर पडला, तर ओळीगणिक एकेक खांब घटत वा वाढत जाऊन आसनाचा त्रिकोण होतो. खरा क्रोशा विणणारे यंत्र अद्यापि बाजारात रुळलेले नाही. नागपुरी काठाच्या इतिहासात या गोष्टीला महत्त्व आहे, कारण हाताचा हा जो अवघड वळणबिंदू, तोच यंत्राला दीर्घकाळ अडवीत आला.

आता नागपुरी काठाकडे येऊ. रंगीत काठ विणण्याच्या रीती दोन. पहिली सोपी: ताणा भरतानाच दोन्ही कडांना रंगीत धागे घालायचे आणि एकच पांढरा बाणा या काठापासून त्या काठापर्यंत न्यायचा. असा काठ होतो खरा, परंतु पांढरा बाणा तांबड्या ताण्यातून गेल्यामुळे त्याचा रंग फिका, दुधट पडतो. दुसरी रीत श्रमाची. तीत धोटे तीन: डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. काठात ताणाही रेशमी आणि बाणाही रेशमी, त्यामुळे रंग भरीव, गर्द, दोन्ही अंगांनी सारखा. पण अंगाचा धागा काठाच्या सीमेपर्यंत येतो, काठाचा धागा पलीकडून त्याच सीमेपर्यंत येतो, आणि तेथे दोघांना एकमेकांत अडकवून परत फिरवले नाही, तर अंग आणि काठ यांच्यामध्ये चीर राहते. म्हणजे ज्या कापडात एरवी एका फेरीला एकच वळण असते, त्यात आता सीमेवरची दोन गुंतागुंतीची वळणे वाढली. आणि ती प्रत्येक फेरीला, वितीत शेकडो वेळा. हे काम एकट्याने होणे कठीण. विणकराच्या जोडीला त्याची बायको किंवा पोरगा बाजूच्या काठाचा धोटा सांभाळण्यासाठी बसे. कांचीपुरमचे विणकर यालाच कोरवै म्हणतात. चंदेरीतही दोन माणसांनी एका मागावर बसून असा काठ घालण्याची जुनी परंपरा आहे. मध्य हिंदुस्थानाच्या या पट्ट्यात नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा ही गावे याच कामासाठी नावाजली होती. उमरेडच्या रेशीमकाठी धोतरांची कीर्ती तर इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनीही नोंदवून ठेवली आहे.

भोसल्यांची राजधानी झाल्यावर नागपुरास दरबार, सरदार, शिलेदार, कारकून आणि शास्त्रीपंडित यांची जी वस्ती जमली, तिच्या गरजेतून हा धंदा फोफावला हे उघड आहे. पागोटी, उपरणी, शेले, लुगडी, धोतरजोड्या यांना दरबारच्या पोशाखखान्यात आणि सणावारांच्या देणग्यांत अखंड मागणी असे. शिवाय पुण्याची पेठ होती. भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली, पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली, आणि नागपुरात अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स कारभार पाहू लागला. त्याचा १८२७ चा नागपूर मुलखाविषयीचा अहवाल हा या प्रांताच्या अर्थव्यवहाराचा पहिला पद्धतशीर दस्तऐवज होय. पुण्याचा दरबार मोडला, त्याबरोबर उंची वस्त्रांचे एक मोठे गिऱ्हाईक गेले. उरले ते नागपूरचे. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले, आणि राजवाड्यातील जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास रवाना झाले. जडजवाहिराच्या लिलावाविषयी आपल्या इतिहासकारांनी हळहळून लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी दरबारच्या मागणीवर जगणाऱ्या मागांचे काय झाले असेल, याची हळहळ कोणी फारशी केलेली नाही.

यानंतरचा हल्ला बाजारातून आला. जे. फोर्ब्स वॉटसन या इंडिया ऑफिसातील अधिकाऱ्याने १८६६ साली हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने अठरा खंडांत चिकटवून त्यांचे वीस संच तयार करविले. त्यांपैकी बरेच संच विलायतेतील कारखानदारांच्या शहरी ठेवण्यात आले, कारण हिंदी माणसाला कोणते काठ, कोणत्या रुंदी, कोणते रंग आवडतात हे त्यांना कळावे आणि तसा माल त्यांनी काढावा, असा त्यामागील उघड हेतू होता. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला येऊन पोहोचली. वऱ्हाड-मध्यप्रांताचा कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने त्या काळात जे विचार मांडले त्यांचा आशय असा होता, की रेल्वेने स्वस्त विलायती कापड आत आले म्हणजे येथील कातणारे-विणणारे हात शेतीला मोकळे होतील आणि कापूस अधिक पिकेल. एका कसबी समाजाचा धंदा बुडणे ही गोष्ट सरकारी दफ्तरात लाभाच्या बाजूला मांडलेली पाहून आजही मन विषण्ण होते.

आणि पाठोपाठ गिरणी आली. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्लीस राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळच्या जमिनीवर एम्प्रेस मिल सुरू केली. आरंभी तीत सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग होते. बेझनजी मेहता यांच्या व्यवस्थापनाखाली ती देशातील आदर्श गिरण्यांत गणली गेली. कोष्ट्यांच्या दृष्टीने तिचा परिणाम दुहेरी होता, आणि तो दुहेरीपणा ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावर पुष्कळ भाबडे लिखाण झाले आहे. गिरणीच्या सुताने हातकताई मारली यात संशय नाही. पण बारीक, एकसारखे, न तुटणारे सूत कोष्ट्याला घरापासून हाकेच्या अंतरावर मिळू लागले, आणि त्यामुळे त्याचे स्वतःचे काम सोपे झाले. खरा घाव बसला तो जाडेभरडे विणणाऱ्यांवर. नागपूर प्रांतात हे काम मुख्यतः महार समाजाकडे होते. घरच्या बायकांनी कातलेल्या सुताचे टिकाऊ कापड ते विणीत, आणि ते कुणब्यांच्या अंगावर जाई. या कापडाला मिरवण्याजोगा काठ नव्हता, म्हणून यंत्राला त्याची नक्कल करण्यात काहीच अडचण आली नाही. तो धंदा सर्वांआधी बसला, आणि त्यातील पुष्कळ माणसे गिरणीच्याच दरवाजात मजुरीसाठी उभी राहिली.

रेशीमकाठी धोतर व लुगडे मात्र तगले. गिरणीच्या मागावर एकच धोटा वाऱ्याच्या वेगाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. वाटेत सीमेवर थांबून दुसऱ्या धाग्याला मिठी मारून परत फिरणे त्याला माहीत नाही. गिरणीनेही काठाची धोतरे काढली, पण ती पहिल्या रीतीची, मिश्र रंगाच्या काठाची. ज्याने दोन्ही प्रकार नेसले आहेत त्याला फरक अंधारातही कळेल, कारण रेशमाचा भरीव काठ जड असतो, तो निऱ्यांना आपल्या वजनाने खाली धरून ठेवतो. लग्नात, व्रतबंधात, श्रावणातल्या सोवळ्याओवळ्यात नागपुरी धोतर हवेच, असे म्हणणारी घरे केवळ वऱ्हाड-नागपुरातच नव्हेत, पुण्यातही होती. रुईफुली, नारळी, करवतकाठी ही काठांची नावे मराठी घरांत दागिन्यांच्या नावांसारखी वापरात होती, आणि जोवर ती जिभेवर होती तोवर कोष्ट्याच्या चुलीवर भांडे चढत होते.

विचार करण्याजोगी गोष्ट ही, की ज्या काठाने मागाला वाचविले, त्यानेच त्याला जुन्या वेगात जखडून ठेवले. दोरी ओढताच धोटा आपोआप पलीकडे उडविणारी जॉन के याची युक्ती १७३३ ची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सरकारच्या उद्योग-खात्याने ठिकठिकाणी तिचा प्रचार केला. साध्या कडेचे कापड विणणाऱ्यांनी ती घेतली आणि त्यांचा पल्ला वाढला. रेशीमकाठ विणणाऱ्यांनी ती बहुशः नाकारली, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना जुनाट, हट्टी, पुराणप्रिय अशी दूषणे दिली. परंतु ज्या कापडात तीन धोटे प्रत्येक फेरीला सीमेवर थांबून वळायचे, त्यात उडता धोटा काय कामाचा? कोष्ट्याचा नकार अज्ञानातून आलेला नव्हता, कसबाच्या पक्क्या जाणिवेतून आलेला होता. या बाबतीत अधिकाऱ्यांपेक्षा विणकर अधिक शास्त्रशुद्ध विचार करीत होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच नागपुरात डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, असहकाराचा ठराव कायम झाला, आणि हातकताई व हातविणाई यांचा त्यात पुरस्कार झाला. हातमागाच्या शहरात हातमागाचा जयजयकार झाला, तरी पाचपावली, तांडापेठ, नाईक तलाव या भागांतील कोष्ट्यांची आणि मोमिनपुऱ्यातील मोमिन विणकरांची स्थिती पेचाची होती. त्यांचे माग हाताचे होते, पण सूत गिरणीचे आणि काठाचे रेशीम बाहेरून आलेले. हातकताईचे त्या काळचे सूत ओबडधोबड. ते बारीक फणीत तुटे, काठाशी तर टिकतच नसे. खादीचा मंत्र ज्या वर्गाला सर्वप्रथम उद्धरील अशी अपेक्षा होती, त्याच वर्गातील उत्तम कारागीर त्यामुळे बाजूला राहिले. मंत्र खोटा नव्हता. परंतु ज्याच्यासाठी तो म्हटला जात होता त्याच्या मागावर जाऊन बसण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

या विणकरांविषयी लिखित साधने तुटपुंजी आहेत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरच्या १९१६ सालच्या चार खंडांच्या ग्रंथात कोष्टी, साळी, हलबा यांच्या चालीरीती दिल्या आहेत; त्यांतही मागापेक्षा लग्नविधींचे वर्णन अधिक. त्यांच्या हालांचा अंदाज मात्र दुष्काळांवरून येतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन दुष्काळांत धान्य महागले, तसे कापडाचे गिऱ्हाईक आटले, आणि ज्याच्याकडे शेत नाही, बी नाही, फक्त माग आहे, अशा विणकराला इतर रयतेच्या आधी उपासमार भोगावी लागली. रस्त्याची खडी फोडायला गेलेला कोष्टी परत मागावर बसला तरी काही दिवस त्याचा काठ सरळ येत नसणार, हे ज्याने बारीक काम करणारी बोटे पाहिली आहेत त्याला सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर सरकारने काठाचे मोल ओळखले, ही समाधानाची गोष्ट. १९५० साली गिरण्यांवर जी बंधने घातली गेली, त्यांत धोतर व लुगड्याच्या काठाची रुंदी हा एक निकष होता: ठराविक रुंदीपलीकडचा काठ हातमागासाठी राखीव. १९५३ साली गिरणीच्या धोतरांवर जादा अबकारी कर बसविणारा कायदा झाला. १९८५ मध्ये हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा संसदेने संमत केला आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. नागपुरातच मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ १९७१ चे. इतके सर्व होत असता, ज्याच्यासाठी हा काठ होता ते धोतरच पुरुषांच्या अंगावरून उतरले आणि नऊवारी लुगड्याची जागा सहावारी साडीने घेतली. कायद्याने काठाचे रक्षण केले. नेसणारा कायद्याच्या अखत्यारीत नव्हता. कोष्ट्यांच्या मोहल्ल्यांत यंत्रमागांची खडखड सुरू झाली. खुद्द एम्प्रेस मिलही १९८६ मध्ये सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये कायमची बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज दुकानांची टोलेजंग इमारत आहे. हातमागाचा काळ म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाई ती गिरणी गेली. तीन धोट्यांचा माग, क्षीण झालेला का होईना, अद्याप आहे.

तो आहे करवतकाठी साडीच्या रूपाने. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसराचे किडे वाढतात; त्यांना उघड्या रानात पाखरांपासून आणि मुंग्यांपासून जपण्याचे काम प्रामुख्याने ढीवर समाजाची कुटुंबे करतात. या किड्यांच्या कोशांचा धागा, ज्याला इकडे कोसा म्हणतात, निसर्गतःच मधाळ तांबूस असतो. साडीचे अंग या कोसा धाग्याचे, काठ सुती, आणि दोहोंच्या सीमेवर काठाचा रंग अंगात पायरीपायरीने पुढे सरकून तसाच मागे येतो, त्यामुळे करवतीच्या दात्यांची अखंड ओळ उमटते. रामटेकच्या देवळांच्या शिखरांवरून हे दाते घेतले असे विणकर सांगतात. मला त्या सांगण्यापेक्षाही अधिक मोलाचे वाटते ते असे, की कोसा आणि सूत यांचा ताण एकसारखा नसतो. एक धागा राठ व लवचिक, दुसरा मऊ. असे दोन भिन्न प्रकृतीचे धागे प्रत्येक फेरीला एकाच रेषेवर आणून, एकमेकांत अडकवून, कोणाचीही ओढ कोणावर न पडू देता परत फिरवायचे, हे नागपुरी काठाच्या जुन्या विद्येचे सर्वांत कठीण प्रकरण होय. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे या कामाचे आजचे एक ठिकाण. यंत्रावर छापलेल्या वा विणलेल्या खोट्या करवती बाजारात पुष्कळ येतात, आणि पुढून त्या हुबेहूब दिसतात.

मागावर जोडीला बसणाऱ्या दुसऱ्या माणसाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. काठाचा धोटा सांभाळायला पूर्वी घरातले मूल बसे. ते आता शाळेत जाते, आणि जावयासच पाहिजे. त्या जागी प्रौढ मदतनीस बसवायचा, तर त्याची मजुरी साडीच्या किमतीत धरली गेली पाहिजे. ही किंमत गिऱ्हाइकाने आनंदाने द्यावी असे वाटत असेल, तर त्याला काठ वाचता आला पाहिजे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक प्रेमाने अजब बंगला म्हणतात, १८६३ पासून उभे आहे. त्यात शिलालेख आहेत, नाणी आहेत, शस्त्रे आहेत. तेथे नागपुरी काठांचे एक स्वतंत्र दालन व्हावे, आणि त्यात उमरेडचे धोतर, पवनीचे लुगडे, आंधळगावची करवतकाठी, शेजारी गिरणीचे मिश्र काठाचे पान, असे नमुने उलटी बाजू वर करून मांडावेत. कारण धागा कोठे वळला आणि कोठे नुसताच पुढे गेला, हे उलट्या बाजूलाच स्पष्ट दिसते.